भुंग्याची वही

बेंगळुरात मल्लेश्वरमच्या आमच्या भाड्याच्या घरात माणसं तीन होती आणि भुंगे किती ते देवालाच ठाऊक. मागच्या खोलीच्या खिडकीची चौकट जुन्या लाकडाची. तिच्यात काळ्या भुंग्यांनी करंगळी जाईल एवढी गोल भोकं पाडली होती आणि सकाळी खिडकीखाली रव्यासारखा भुसा पडलेला असायचा. खाली राहणाऱ्या घरमालकीण जयम्मा दर महिन्याला वर येऊन म्हणायच्या, "स्वल्प औषध मारा हो, नाहीतर खिडकी खाली येईल." आई "सरी, सरी", बरं बरं, म्हणून त्यांना कॉफी द्यायची आणि औषध काही कधी मारलं जायचं नाही, कारण अप्पांना ते भुंगे हवे होते. त्यांचा घूंऽऽ आवाज माझ्या लहानपणाला इतका चिकटलेला आहे की आजही बसवनगुडीच्या माझ्या फ्लॅटमध्ये शेजाऱ्यांचा मिक्सर सुरू झाला की मी आधी खिडकीकडे बघते.

अप्पा मूळचे बेळगावकडचे. इथे एका सरकारी विमान कचेरीत इंजिनिअर होते. इंजिनिअर म्हटलं की लोकांना वाटतं विमानं बनवतात. अप्पा रिवेटं तपासत. पत्र्याला पत्रा जोडणाऱ्या त्या बारक्या खिळ्यांची डोकी नीट बसली आहेत का, एवढंच. जन्मभर तेच. पण मनातून ते भुंग्याचे होते. जेवताना हात तसाच खरकटा ठेवून सांगायचे, "विमानाच्या पंखाचं गणित आहे ना, ते भुंग्याला लावलं तर भुंगा पडतो. आता हा तर पडत नाही. म्हणजे पडलं कोण? गणित पडलं!" आई म्हणायची, "गणिताला पडू दे, आमटी निवली." ती सांगलीची, लग्नाआधी तिथल्या प्राथमिक शाळेत शिकवायची. पावकी, निमकी सगळं तोंडपाठ. ह्या माणसाचं वेड घरात ऐकून घेणारी तीच होती, आणि नुसतं ऐकून घेत नव्हती तर कामही करत होती.

काम म्हणजे वाचन. पुस्तकाचं नाही, पंखाचं. अप्पांच्या कचेरीत अतिशय वेगाने चित्रं काढणारा कॅमेरा होता. साहेबांच्या हातापाया पडून एका शनिवारी त्यांनी तो मिळवला. बरणीत भुंगे घालून, वर मलमलीचं फडकं बांधून, दोघं स्कूटरवरून गेले. बरणी आईच्या मांडीवर. काचेच्या पेटीत तरंगणाऱ्या भुंग्याची दोन रिळं निघाली. मग एकेक चित्र थांबवून दाखवणारा हाताचा प्रोजेक्टर घरी आला, भिंतीला पांढरा ड्रॉइंगचा कागद लागला, खिडकीला घोंगडं. रविवारी दुपारी अप्पा भिंतीशी कोनमापक लावून उभे राहायचे, पंख मागच्या टोकापासून किती अंश पुढे आलाय ते मोजायचे आणि भिंतीवरची नजर न काढता आकडा सांगायचे. आई वहीत लिहायची. "चौदा. एकवीस. एकोणतीस. छत्तीस." खट्ट, दुसरं चित्र. खट्ट, तिसरं. मी दारात बसून शेंगा सोलायचे. एका रिळाला तीन महिने गेले. त्या वहीवर आईने सुबक अक्षरात "भुंगा १" असं लिहिलं होतं.

"भुंगा २" आईला लिहिता आली नाही. कावीळ झाली, आधी घरगुती औषधं, मग उशिरा दवाखाना, आणि तेवढ्यात सगळं आटोपलं. ह्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही. लिहायला घेतलं की माझी पानं फाडली जातात. बेळगावहून आत्या आली, अप्पांची थोरली बहीण, आणि घरातली माणसं पुन्हा तीन झाली. आत्या तोंडाने फटकळ. भुसा झाडताना रोज म्हणायची, "हे घर पोखरूलैत आणि माझा भाऊ ह्यांचं लगीन लावूलाय." पण अप्पा त्यावर हसत नसत. ते जेवत नव्हते म्हटलं तरी चालेल. आत्या भात वाढायची आणि तोच भात गाईला जायचा. कचेरीतून आल्यावर ते बूट न काढता खुर्चीत बसून राहायचे, आणि आत्या दोनदा चहा गरम करायची.

चारेक महिन्यांनी एका रविवारी त्यांनी स्वतःच घोंगडं लावलं आणि मला हाक मारली. "सुमा, पेन्सिल घे." मी चौदा वर्षांची. आईच्या जागी बसायचं म्हणून भीती वाटली, आणि खरं सांगते, अभिमानही वाटला. त्यांनी विचारलं, "मराठी आकडे येतात ना? इंग्रजीत सांगायला लागलो तर माझी लय तुटते." मी म्हटलं, "येतात की!"

आता माझं गणित बघा. शाळा इंग्रजी. रस्ता कानडी. दुकानात इप्पत्तोंबत्तु, म्हणजे सरळ वीस आणि नऊ. मराठी घरातली, पण घरात आकडे कोण बोलतं? घरात जेव, झोप, अभ्यास कर, एवढंच. तरी आईने सदतीस, त्रेपन्न, अठ्ठेचाळीस असले आकडे माझ्याकडून घोकून घेतले होते, आणि अडलं तर मी अप्पांना विचारायचे. एकोणचं मात्र कधीच विचारलं नाही, कारण ते मला येतं अशी माझी खात्री होती. एकोणीस म्हणजे नाईन्टीन. म्हणजे एकोण म्हणजे नऊ. मग एकोणतीस? तीस आणि नऊ, थर्टी-नाईन. एकोणचाळीस, फॉर्टी-नाईन. झालं! ज्याची शंका येते ते माणूस विचारतं, ज्याची येत नाही तिथेच बुडतं. चार महिने मी प्रत्येक एकोणला दहा अंश जास्त लिहीत गेले. एकोणीस तेवढं बरोबर. नीटनेटकं लिहीत होते हो, आईसारखंच अक्षर काढायचा प्रयत्न करत होते. अप्पा एकदा वही बघून म्हणालेसुद्धा, "अगदी तिचंच वळण."

रिळं आणि प्रोजेक्टर कचेरीत परत गेले आणि अप्पा आकडेमोडीला बसले. ते काय करत हे मला तेव्हा अर्धवट कळत होतं, आज मी कॉलेजात जन्मभर गणित शिकवल्यावर पूर्ण कळतं. दोन चित्रांमध्ये पंख किती अंश सरकला त्यावरून त्याचा वेग काढायचा. त्या वेगाचा वर्ग करायचा. त्यावरून हवा पंखाला किती वर उचलते ते काढायचं, आणि सगळ्याची बेरीज भुंग्याच्या वजनाशी ताडून बघायची. आईच्या वहीत ही बेरीज कमी पडत होती. पाऊण वजन उचललं जायचं, पाव राहायचं. आईच्या वहीतला भुंगा खाली पडत होता. माझ्या वहीत एकवीसवरून पंख एकदम थर्टी-नाईनला उडी मारायचा आणि पुढच्या चित्रात छत्तीसवर परत यायचा. त्या खोट्या उडीचा वेग मोठा, आणि त्याचा वर्ग झाला की चुकीचाही वर्ग होतो. बेरीज वाढली. इतकी वाढली की वजनाशी जवळजवळ जुळली.

ती दुपार मला अजून दिसते. आत्या काकडी चिरत होती. अप्पा कागद हातात घेऊन स्वयंपाकघरात धावतच आले. "आक्का! आक्का, भुंगा उडला!"

"उडू दे की," आत्या म्हणाली, "त्याला काय मी धरून ठेवलंय? तू जेवायला बस."

आणि ते बसले. दोनदा भात घेतला, आमटी मागून घेतली. आत्याने डब्यातला बेळगावचा कुंदा काढला, तोही वाटीभर खाल्ला. मग खांद्यावरचा पंचा काढून मला झटकून दाखवला. "असा! पंख नुसता पुढे जात नाही, मध्ये मध्ये असा झटका देतो. ह्या झटक्यात आहे सगळं. आजवर कोणी बघितलं नाही हे!" आत्याने माझ्याकडे बघून डोळे पुसले. इतक्या महिन्यांनी आमच्या घरात कोणीतरी मोठ्याने बोललं होतं. मी विचारलं, "मग आईच्या वहीत झटका का नाही?"

अप्पांनी पंचा परत खांद्यावर टाकला. "तिला तेव्हापासूनच बरं नसणार. थकत होती. सुटले असतील आकडे तिच्याकडून." असं म्हणून त्यांनी "भुंगा १" ट्रंकेत तळाला ठेवून दिली.

त्यानंतर घर पालटलं. कचेरीत नवीन गट निघणार होता, लहान विमानांचा, आणि मूर्तीसाहेब त्याचे प्रमुख होणार होते. अप्पांनी त्यांना झटक्याचं सांगितलं. साहेब म्हणाले, शनिवारच्या व्याख्यानात मांडा, पटलं तर रिवेटांतून काढून तुम्हाला गटात घेतो. अप्पा रोज दाढी करायला लागले. मोठ्या कागदावर शाईने आलेख काढायला लागले, आणि झटका आला की तिथे तांबडा ठिपका. आत्या म्हणायची, "देवी आल्यागत दिसूलाय कागद." पण ती कागदाखाली स्वतःचं स्वच्छ धुतलेलं लुगडं अंथरायची, डाग पडू नये म्हणून.

व्याख्यानाला चार दिवस राहिले होते. आत्या भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभी होती, चष्मा नाकावर. "सुमे, तुझ्या आईचं वर्षश्राद्ध एकोणतीसला येतंय बघ. तिथे खूण कर."

मी पेन्सिल घेऊन गेले आणि कॅलेंडरवर शोधायला लागले. थर्टी-नाईन. तीस, एकतीस, आणि महिना संपला. मी म्हटलं, "आत्या, एवढी तारीखच नाहीये."

"आंधळी झालीस काय गं? ही काय," म्हणून तिने बोट ठेवलं. अठ्ठावीसच्या पुढचं घर. "एकोणतीस. तीसाला एक उणा."

एक उणा. बास. मी खूण केली, पेन्सिलचं टोक मोडलं, आणि मागच्या खोलीत जाऊन आलेखाशेजारी "भुंगा २" उघडली. जिथे जिथे तांबडा ठिपका होता तिथे तिथे माझं नऊ होतं. एकही सुटलं नव्हतं. भुंगा झटका देतच नव्हता. मी देत होते. आणि आई एकही आकडा चुकली नव्हती.

सांगायला गेले नाही असं नाही. गेले. अप्पा व्हरांड्यात शर्टाला इस्त्री करत होते आणि गुणगुणत होते. आई गेल्यापासून पहिल्यांदा. मी दारात उभी राहिले, म्हटलं, "अप्पा..." त्यांनी वर बघितलं आणि म्हणाले, "सुमा, तू पेन्सिल धरली नसतीस ना, तर मी ह्यातून उठलो नसतो बघ. शनिवारी तूही चल. मागे बस. लेखनिक नको का?" मी म्हटलं, "येते." चौदा वर्षांची होते, घाबरले, असं मी स्वतःला पुष्कळदा समजावलंय. पण ते तितकंसं खरं नाही. मला ते गुणगुणणं हवं होतं. आईच्या नावावर चूक गेली तर जाऊ दे, ती आता कुठे ऐकतेय, असंसुद्धा माझ्या मनात आलं. आलं होतं ते आलं होतं.

शनिवारी कचेरीच्या वाचनालयात वीसेक माणसं होती. मी शेवटच्या बाकावर, दोन वेण्या घट्ट घालून. अप्पा इंग्रजीत बोलले आणि छान बोलले. झटका दाखवायला त्यांनी खिशातला रुमाल झटकला तेव्हा लोक हसले, चांगलं हसले. मग मूर्तीसाहेब उठून आलेखाजवळ गेले. शांत माणूस, आवाज कधी चढायचा नाही. बोट ठेवत गेले. थर्टी-नाईन. फॉर्टी-नाईन. फिफ्टी-नाईन. पुन्हा थर्टी-नाईन. मग वळून म्हणाले, "मिस्टर हलगेकर, हा झटका नेहमी नवावरच येतो. तुमच्या भुंग्याला दशमान पद्धत येते का?"

सगळं वाचनालय हसलं. साहेब स्वतः हसले नाहीत, त्यांना वाईट वाटलेलं दिसत होतं, पण हसू थांबत नव्हतं. अप्पा आलेखाकडे बघत राहिले. मग त्यांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला आणि म्हणाले, "सॉरी सर. रीडिंग मिस्टेक. माय आइज." माझ्याकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही. मी बाक घट्ट धरून बसले होते. तेव्हा उठून उभी राहिले असते तरी चाललं असतं. दोन वाक्यं होती फक्त.

आम्ही स्कूटरवरून घरी आलो. आत्याने कुंदा काढून ठेवला होता. तिने अप्पांचा चेहरा बघितला आणि डबा गुपचूप फळीवर ठेवून दिला. पुढच्या आठवड्यात अप्पांनी चष्म्याचा नंबर बदलून आणला आणि जो भेटेल त्याला सांगायला लागले, "डोळे गेले हो माझे." एकोणतीसला श्राद्ध झालं. आईच्या फोटोपाशी फुलांबरोबर "भुंगा १" ठेवलेली होती. अप्पांनी फोटोला नमस्कार केला आणि मग त्या वहीवर डोकं टेकलं, बराच वेळ. आत्या म्हणाली, "उठ रे, भटजी खोळंबलेत." मला वाटलं, आठवण म्हणून ठेवली असेल. नवा गट निघाला, त्यात दुसरे लोक गेले. अप्पा निवृत्त होईपर्यंत रिवेटं तपासत राहिले. खिडकीला त्यांनीच औषध मारलं. जयम्मांना फार आनंद झाला.

आणखी एक झालं, ते तेव्हा लक्षातही आलं नाही. आमच्या घरात आकडे इंग्रजीत आले. बसचा नंबर, फोनचा नंबर, माझ्या लग्नाची तारीख, सगळं अप्पा मला इंग्रजीत सांगायचे. आत्याशी मात्र मराठीत. मला वाटायचं, बेंगळुरात राहून ह्यांचं मराठी गंजलं. एकदा मी तसं म्हटलंही. ते म्हणाले, "असेल."

मागे माझा एक जुना विद्यार्थी मला इलेक्ट्रॉनिक सिटीत त्याच्या कंपनीत घेऊन गेला होता. तिथे तळहातावर मावेल असं यंत्र पंख फडफडवत टेबलावर तरंगत होतं. आवाज आला, घूंऽऽ, आणि मला खुर्ची शोधावी लागली. त्याने संगणकावर गणित दाखवलं. पंखाच्या पुढच्या कडेवर हवेचा भोवरा तयार होतो, तो पंखाला चिकटून राहतो आणि जास्तीची उचल देतो. शिवाय फेऱ्याच्या टोकाला पंख उलटतो, त्याचाही हिशेब असतो. "मॅडम, जुन्या विमानाच्या सूत्राने किती कमी पडतं ते आधी नीट मोजलं, म्हणून लोकांनी हा भोवरा शोधला," तो म्हणाला. मी "हो का" म्हटलं. म्हणजे ते पाव वजन, आईच्या वहीतलं, तेच खरं सापडलेलं होतं. अप्पांनी शनिवारी पडणारा भुंगा नेऊन उभा केला असता आणि म्हटलं असतं, बघा, एवढं कमी पडतंय, कुठून येतं सांगा, तर? पण मला वाटतं, आमच्या घरात त्या वर्षी आणखी काही पडलेलं कोणाला बघवलं नसतं. परत येताना उड्डाणपुलावर गाडी तासभर अडकली आणि मी रडून घेतलं.

हे अप्पांना सांगायचं मी ठरवलं होतं. ठरवण्यात माझा हात कोणी धरणार नाही. पण त्यांची छाती भरली आणि आम्ही इस्पितळात गेलो. नर्सने भरतीचा फॉर्म माझ्या हातात दिला. अप्पा खाटेवर टेकून बसले होते, धाप लागत होती. वय मला ठाऊक होतं, पण त्यांना बोलतं ठेवावं म्हणून मी विचारलं, "अप्पा, वय किती लिहू?"

"एकोणऐंशी," ते म्हणाले.

पेन टेकवलं आणि त्यांचा हात माझ्या मनगटावर आला. सुकलेला, हलका हात. ते फॉर्मकडे बघत होते. "सेव्हन्टी-नाईन," ते हळूच म्हणाले. "एटी-नाईन लिहू नकोस."

मी सात लिहिला. नऊ लिहायला वेळ लागला. मग विचारलं, "कधी कळलं तुम्हाला?"

"तिथंच. साहेबांनी बोट ठेवलं तेव्हा."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

त्यांनी श्वास घेतला, मग आणखी एक घेतला.

"तू सांगशील म्हणून वाट बघत होतो," ते म्हणाले, आणि पाणी मागितलं.